घर विकताना एजंटने काढलेले फोटो : सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी नीट फोटो कसे काढावेत?

शाहूपुरीकर
साताऱ्यात शाहूपुरीत २ बीएचके विकायला काढलाय. तिसरा मजला, लिफ्ट आहे, कार्पेट ६४० चौरस फूट. हॉल पश्चिमेला, दोन्ही बेडरूम पूर्वेला. निम्मं सामान अजून आत आहे. मालक पुण्यात, किल्ली एजंटकडे.

एजंटने पोर्टलवर टाकलेल्या फोटोंत हॉल काळोखा आणि धुरकट दिसतो. खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. ओट्यावर मिक्सर आणि तेलाचा डबा तसाच. बाथरूम दारातून तिरकं. शिवाय प्रत्येक फोटोखाली नकाशा, तारीख आणि अक्षांश-रेखांशाची पट्टी. फोन येतात ते ‘शेवटचे किती?’ विचारायला, बघायला कुणी येत नाही.

नव्याने काढायचे तर फोनवर नीट निघतात का? कधी, कुठून, किती काढायचे? आणि एजंटला नेमकं काय सांगायचं?

लेन्सवाला
फोनवर व्यवस्थित निघतात. चार-पाच वर्षांपूर्वीचा बरा फोन असला तरी त्याचा मुख्य कॅमेरा या कामाला पुरतो. बिघडतं ते घाईमुळे.

पहिलं काम, लेन्स पुसा. चष्म्याच्या कापडाने, शर्टाच्या टोकाने नको. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो. समोर खिडकी आली की त्या थरात उजेड पसरतो आणि अख्ख्या खोलीवर दुधाळ पडदा चढतो. तुमच्या हॉलचा धुरकटपणा बहुधा तिथलाच.

मग सेटिंग. ग्रिड (स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेघा) चालू, एचडीआर (उजेड आणि काळोख दोन्ही सांभाळणारी सोय) ऑटोवर, फ्लॅश बंद, फिल्टर बंद, फोटो आडवा आणि प्रमाण ४:३. १६:९ वर ठेवलं तर बहुतेक फोन वरचा-खालचा भाग कापून टाकतात, म्हणजे नेमकी फरशी आणि छत जातं.

फोन जमिनीपासून चार फुटांवर धरा. डोळ्यांच्या उंचीवरून काढायला गेलं की फरशी दिसावी म्हणून हात आपोआप फोन खाली झुकवतो, आणि दाराच्या चौकटी खाली निमुळत्या होत जातात. घर कललेलं दिसतं ते यामुळेच. चौकटीची उभी कड ग्रिडच्या उभ्या रेघेला समांतर आली की फोन सरळ आहे असं समजा. किचनमध्ये मात्र साडेचार फुटांपर्यंत वर जा. ओटा पावणेतीन फुटांच्या आसपास असतो, फार खालून काढला तर त्याची नुसती कड दिसते, वरची जागा किती आहे ते कळत नाही.

उभं कुठं राहायचं? कोपऱ्यात पाठ टेकवून, नाहीतर दाराच्या चौकटीत. समोरच्या दोन भिंती आणि त्या जिथं मिळतात तो कोपरा फोटोत आला की खोलीचा आकार डोळ्यांना कळतो. एकाच भिंतीचा सरळ फोटो काढला तर कॅलेंडर दिसतं, खोली दिसत नाही.

खिडकीचा पांढरा चौकोन टाळायचा तर स्क्रीनवर खिडकीशेजारच्या भिंतीवर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढा. खिडकीबाहेरचं झाड दिसू लागलं आणि खोलीचा लांबचा कोपरा अजून काळा पडलेला नाही, तिथं थांबा. साधी तिपाई आणि तीन सेकंदांचा टायमर असेल तर कमी उजेडातही फोटो हलत नाही.

दिव्यांचं बहुतेकजण उलटं करतात, सगळे लावून ठेवतात. नेहमीची पांढरी ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर. पीओपीतले पिवळे दिवे ३००० च्या आसपास. दुपारचा उजेड साधारण ५५०० चा. तिन्ही एकत्र आले की तीच भिंत एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला पिवळी येते. फोन अख्ख्या फोटोला मिळून एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) लावतो, तो सगळीकडे बरोबर बसणं शक्यच नाही. खिडकीचा उजेड पुरत असेल तर दिवे बंद. लावायचेच तर एका रंगाचे लावा. पंखा बंद करायला विसरू नका, पाती पुसट येतात आणि छताजवळ दिवा असेल तर भिंतीवर सावल्याही पडतात.

सदरबझार
वरच्यात एक भर. एलईडीखाली काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात, त्यावर काय करायचं? किचनला खिडकी लहान आहे, दिवा लावल्याशिवाय भागत नाही.

लेन्सवाला
आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर त्यापेक्षा फार वेगात उघडलं की पट्टे येतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतात तिथं, शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) कमी, फोन तिपाईवर. पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ किंवा ‘अँटी-बँडिंग’ सापडतंय का बघा, असेल तर ५० हर्ट्झ निवडा.

काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ट्यूबची पांढरी रेघ उमटते तीही टाळता येते. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका, रेघ ओट्यावरून भिंतीच्या टाइलवर जाते. आधी ओटा ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. ग्रॅनाइटवर पाण्याचे वाळलेले डाग डोळ्यांना जाणवत नाहीत, फोटोत ठळक येतात.

ओळंबा
बांधकामाच्या बाजूने लिहितो. सगळ्यात मोठं नुकसान ०.५ एक्स, म्हणजे फोनचा जास्त रुंद कोनाचा कॅमेरा करतो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतका कोन घेतो, ०.५ चा अल्ट्रावाइड १३-१४ च्या. खोली एका फोटोत मावते खरी, पण कडेची प्रत्येक वस्तू ताणली जाते. फ्रिज आडवा सुजतो, सिंगल बेड डबल वाटतो, १० बाय ११ ची बेडरूम पंधरा फुटी दिसते. माणूस घर बघायला येतो, दारातच ‘फोटोत मोठं वाटलं होतं’ म्हणतो, आणि तिथून पुढचं सगळं बोलणं भाव पाडण्याचं होतं. फोटोत वाढवलेले चार फूट मालकाला विसाराच्या बोलण्यात परत मोजून द्यावे लागतात.

जाणकार गिऱ्हाईक फरशी मोजतं हेही लक्षात ठेवा. २ बाय २ च्या व्हिट्रिफाइड टाइल असतील तर भिंतीला लागून पाच टाइल म्हणजे दहा फूट. म्हणून गालिचे, चटया उचला आणि फरशी मोकळी दाखवा. फोटोतच माप मिळालं की माणसाचा विश्वास बसतो.

प्रत्येक खोलीचं आतून आतलं माप टेपने घ्या आणि फोटोखाली लिहा. कार्पेट लिहिताना रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवरच्या नियमनाच्या कायद्यातली व्याख्या धरा. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस त्यात येत नाही. आतल्या भिंतींची जाडी येते. ६४० मध्ये बाल्कनी धरली असेल तर ती वेगळी काढून लिहा, नंतरचा वाद वाचतो.

सदरबझार
मग ४ बाय ७ चं बाथरूम काढायचं कसं? १ एक्सवर तर नुसता नळ येतो.

ओळंबा
तिथं फोन उभा धरा आणि दाराच्या बाहेर थांबून काढा. तरीही मावत नसेल तर ०.७ किंवा ०.८ वर जा. तो अल्ट्रावाइडचाच मधला भाग असतो, १८-२० मिलिमीटरच्या आसपास. बारकावा थोडा कमी होतो, ताण बराच कमी होतो. कमोड किंवा बेसिन कडेला येऊ देऊ नका. झाकण बंद, बादली-मग बाहेर, फरशी कोरडी. आरशात तुम्ही दिसता का ते काढल्यावर नव्हे, काढण्याआधी बघा.

पोवईनाका
मी याच धंद्यात आहे, म्हणून फोटो असे का येतात ते सांगतो. आपल्याकडे एकच फ्लॅट चार-पाच एजंटांकडे असतो. ज्याच्या हातून सौदा होतो त्यालाच दलाली मिळते. बाकीच्यांचा वेळ फुकट जातो, मग फोटोंवर अर्धा दिवस कोण घालवणार? किल्ली नेणारा मुलगा पाच मिनिटांत आठ-दहा फोटो मारतो. ती नकाशाची पट्टी गिऱ्हाइकासाठी नसतेच, मुलगा खरंच जागेवर जाऊन आला हे ऑफिसला कळावं म्हणून ते ॲप वापरतात. तेच फोटो मग तसेच पोर्टलवर चढतात.

त्यात पाच एजंट पाच वेगळे फोटो आणि तीन वेगळे भाव टाकतात. घर घेणारा सगळ्या जाहिराती बघतो. तोच फ्लॅट तीन भावांत दिसला की त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे, आणि मग ‘शेवटचे किती?’ हाच फोन येतो. तुमच्याकडे तेच चाललंय.

मालकाने फोटोंचा एकच संच स्वतः करावा आणि सगळ्या एजंटांना तोच द्यावा. नाहीतर एकाच एजंटला दोन-तीन महिन्यांसाठी लेखी द्यावं आणि फोटोंची जबाबदारी त्यात लिहून घ्यावी. दोन्ही चालतं. पहिल्यात मालकाच्या हातात जास्त राहतं.

एजंटला सांगताना मोघम ‘चांगले फोटो टाका’ म्हणू नका. याच संचातले फोटो, याच क्रमाने. भाव सगळीकडे हाच. फोटोच्या मधोमध लोगो नको, कोपऱ्यात चालेल. विंग आणि फ्लॅट नंबर जाहिरातीत नको. सौदा झाला की दोन दिवसांत जाहिरात काढायची. एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी नको. कामाचा एजंट याला नाही म्हणत नाही. त्याचं काम हलकं होतं.

यवतेश्वर_वाट
वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही. आतले फोटो काढताना ऊन त्या खोलीत शिरलेलं नको. फरशीवर उन्हाचा तुकडा पडला की फोन गोंधळतो, तो तुकडा पांढरा आणि बाकी खोली काळी. तुमचा हॉल पश्चिमेला आहे तर तो सकाळी नऊ ते अकरा. त्या वेळी ऊन इमारतीच्या मागे असतं, हॉलमध्ये नुसता मऊ उजेड येतो आणि बाहेरच्या डोंगरावर समोरून ऊन असतं. खिडकीतून यवतेश्वरची बाजू दिसत असेल तर ती त्याच वेळी खुलते. पूर्वेच्या बेडरूम दुपारी साडेबारा ते तीन.

इमारतीच्या दर्शनी भागाचं याच्या उलट, त्यावर थेट ऊन हवं. पूर्वमुखीला सकाळी आठ ते दहा, पश्चिममुखीला चार ते साडेपाच. दक्षिणमुखी इमारतीला नोव्हेंबर ते जानेवारी जवळपास दिवसभर चांगलं ऊन मिळतं. उत्तरमुखीची पंचाईत असते, हिवाळ्यात दर्शनी भागावर ऊन येतच नाही. आपण १७ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, पण जूनपासून ढग. उत्तरमुखीला हलके पांढरे ढग असलेला दिवस सगळ्यात बरा, सावली आणि आकाश यांतला फरक कमी होतो.

पावसाळ्यात साताऱ्यात झड पश्चिमेकडून येते, खिडक्यांना ताडपत्री किंवा पत्रे लावलेले असतात. ते असताना फोटो काढू नका. गणपतीनंतर उघडीप मिळाली की लगेच काढा, हवा धुतलेली असते आणि डोंगर हिरवा असतो. एप्रिलमधल्या धुरकट हवेत तोच डोंगर ओळखू येत नाही.

कृष्णाकाठ
सांगलीची गोष्ट थोडी वेगळी आहे, इकडचे लोक धागा वाचत असतील म्हणून लिहितो. इथं घर बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘पाणी आलं होतं का?’ हाच असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. आणि जाहिरातीतल्या फोटोंत हॉल, किचन, बेडरूम, वर सजवलेला सोफा. ज्या गोष्टीवर सौदा ठरतो तिचा एकही फोटो नाही.

सांगलीतल्या बैठ्या घराला आणि रो हाऊसला चार फोटो जास्तीचे हवेत. पहिला, समोरच्या रस्त्यावरून, ज्यात रस्ता, पायऱ्या आणि उंबरठा एकाच चौकटीत येईल. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे रस्त्यापासून जोतं अडीच फूट, बघणारा स्वतः मोजतो. भिंतीला टेप धरून काढला तर त्याहून चांगलं. दुसरा, वीज मीटरचा, तो जमिनीपासून किती उंचीवर आहे ते दिसेल असा. ग्राहक क्रमांक झाका. तिसरा, तळमजल्याच्या भिंतीचा खालचा तीन फुटांचा भाग, आतून आणि बाहेरून. चौथा, गटार आणि रस्त्याचा उतार.

भिंतीला लोणा (ओलीमुळे वर येणारे क्षार) असेल तर त्यावर घाईघाईने रंग मारून फोटो काढू नका. क्षार आतून येत राहतात, आठवड्या-पंधरवड्यात रंगाला फोड येतात आणि गिऱ्हाईक जागेवर आल्यावर नखाने पोपडा काढून बघतं. शिवाय नुसता खालचा पट्टा रंगवलेला असेल तर आडवा उजेड पडला की छटेतला फरक फोटोतही दिसतो. प्लास्टर खरवडून, वाळवून, नव्याने केलेलं असेल तर तसं लिहा आणि कामाचे फोटो जोडा. २०१९ ला पाणी आलं असेल तर किती फूट आलं तेही लिहा. विश्रामबागेकडच्या घराला पाणी आलं नसेल तर तेही ठळक लिहा, तिथं ती मोठी जमेची बाजू आहे. शामरावनगरसारख्या सखल भागात पुरापेक्षा पावसाचं साचलेलं पाणी जास्त छळतं, तिथं रस्त्याचा फोटो टाळला तर संशयच येतो.

पोवईनाका
कृष्णाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. साताऱ्यात पाण्याऐवजी ओल धरा. पश्चिमेची भिंत आणि टेरेसखालची स्लॅब यांचे फोटो मागितले जातातच, आधीच द्या.

तांत्रिक_माणूस
इतकं करून फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर मेहनत वाया जाते. साध्या पाठवण्यात फोटो बराच लहान होतो, पोर्टलवर चढवताना पुन्हा दाबला जातो आणि टाइलच्या रेघा पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. पण डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहतात. म्हणून फोटो काढण्याआधीच कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.

घर बंद असेल तर हे जास्त महत्त्वाचं. तिजोरीचं कपाट, दाराचं कुलूप जवळून, किल्ल्यांचा हुक, भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, कॅलेंडरवर लिहिलेला गॅस नंबर, मुलांच्या शाळेचा गणवेश, यातलं काहीही चौकटीत नको. मिळकत पत्रिका किंवा दस्ताचा फोटो जाहिरातीत कधीच टाकू नका, तो समोर बसून दाखवायचा.

कराडनाका
खिडकीसमोरच्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर फोनमधल्या एआयने पुसता येतो. एजंट म्हणाला करून देतो. करावं का?

ओळंबा
नाही. कोपऱ्यातली बादली किंवा भिंतीवरचा खिळा पुसला तर कुणाचं काही जात नाही, तो उद्या जागेवरही निघेल. ट्रान्सफॉर्मर, मोबाइल टॉवर, शेजारची टेकलेली इमारत, भिंतीची भेग या गोष्टी घरासोबत विकल्या जातात, त्या पुसायच्या नाहीत. रिकाम्या खोलीत संगणकाने सोफा बसवला असेल तर फोटोवर तसं लिहा आणि शेजारी रिकाम्या खोलीचाही फोटो ठेवा.

रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये नोंदणीकृत एजंटने खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊ नये असं स्पष्ट आहे. कलम ६२ नुसार दंड दिवसाला १०,००० रुपये, वाढत जाऊन मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. हे रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातल्या घरांना लागू होतं, पेठेतल्या जुन्या वाड्याला नाही. पण वाड्याचा मालक असला तरी फसवून केलेला सौदा पुढं कोर्टात अडकतोच.

लेन्सवाला
बंगला मोठा असेल किंवा फोनवर जमत नसेल तर लग्नाचे फोटो काढणारा बोलवा. चातुर्मासात आणि पौषात मुहूर्त नसतात, तेव्हा ते मोकळे असतात आणि दरही बोलून ठरतो. पण त्यांना काम नीट सांगावं लागतं, कारण त्यांची सवय माणसांचे फोटो काढायची. मागची पार्श्वभूमी पुसट करणारी लेन्स नको. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ ते २४ मिलिमीटर, त्यातही शक्यतो २० च्या पुढं. एफ ८ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ १०० ते २००, तिपाई. प्रत्येक जागेवरून तीन फोटो : पहिला बरोबर, दुसरा दोन स्टॉप कमी म्हणजे पाव उजेडाचा, तिसरा दोन स्टॉप जास्त म्हणजे चौपट उजेडाचा. ते नंतर एकत्र केले की खिडकी आणि खोली दोन्ही दिसतात. फ्लॅश वापरलाच तर पांढऱ्या छतावर मारून. छत लाकडी किंवा रंगीत पीओपीचं असेल तर तोच रंग सगळ्या खोलीवर सांडतो, तिथं फ्लॅश नको.

आणखी एक. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : पैसे देऊन तुम्ही सांगून काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही असता, वेगळा करार नसेल तर. एजंटने स्वतःच्या खर्चाने काढलेले फोटो मात्र त्याचे. एजंट बदलला की ते वापरता येत नाहीत. म्हणूनही संच आपला असलेला बरा.

शाहूपुरीकर
सगळ्यांचे आभार. क्रम आणि संख्या तेवढी राहिली.

पोवईनाका
२ बीएचकेला १४ ते १६ पुरे. त्याहून जास्त टाकले की तीच खोली परत परत दिसते आणि माणूस सोडून देतो. पहिला फोटो हॉलचा, कोपऱ्यातून, खिडकीसकट. यादीत लहान चौकोनात तोच दिसतो आणि तो कडेने कापला जातो, म्हणून महत्त्वाचं मधे ठेवा. मग हॉल दुसऱ्या टोकाकडून, किचन दोन, वॉश एरिया, दोन्ही बेडरूमचे दोन-दोन, बाथरूम, बाल्कनी, खिडकीतून दिसणारं दृश्य. शेवटी लिफ्ट आणि जिना, तुमच्या नावावरची पार्किंगची जागा, इमारत आणि समोरचा रस्ता. पार्किंगमध्ये गाडी उभी असू द्या म्हणजे दार उघडायला किती जागा राहते ते कळतं. गाडीचा नंबर झाका.

प्रत्येकाखाली एक ओळ. ‘मास्टर बेडरूम, १० बाय १२, पूर्वेला खिडकी, कपाट सोबत देणार.’ ‘सुंदर, प्रशस्त’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आणि नवे फोटो चढवण्याआधी सगळ्या एजंटांकडून जुन्या जाहिराती काढून घ्या. स्वतः पोर्टलवर शाहूपुरी, २ बीएचके, तिसरा मजला असं शोधून बघा, एखाद्या जुन्या एजंटची विसरलेली जाहिरात जुन्या भावासकट हमखास सापडते.